पत्र्यावरचे दगड

वादळाच्या आदल्या दिवशी मी केलेल्या यादीत सव्वीस कामं होती. त्यातलं चौथं चुकीचं होतं, आणि तेच मी सगळ्यांत हौसेनं करून ठेवलेलं होतं: पत्र्यावर दगड आहेत ना ते पाहणे.

ती यादी अजून माझ्याजवळ आहे. दुरेघी वहीचा कागद, पाण्यानं शाई पसरलेली, पण वाचता येते. एक, पिंपं भरणे. दोन, शेंगदाणे भाजून डब्यात. तीन, मुलींच्या दंडावर नाव आणि गाव लिहिणे. चार, पत्र्यावरचे दगड. पुढं मोठी बरोबरची खूण.

मी मूळची कवठे महांकाळ तालुक्यातली. आमचं घराणं मेंढरं राखणारं. वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले, चुलते झाले नाहीत, तरी दोघांची दारं आजही एकाच अंगणात उघडतात. मी साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहावर अकरा वर्षं होते. साठ मुली, साठ बादल्या, साठ अंथरुणं. ते सगळं डोक्यात मावेना म्हणून कागदावर उतरवायची सवय लागली ती कायमची. पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा आमच्या मंडळीच्या पाळकांनी विचारलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोझांबिकमध्ये, एक लहानसं वसतिगृह आहे, सांभाळायला बाई मिळत नाही, जाल का? मी दोन दिवस प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी सामानाची यादी केली.

आमच्या गावात मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरी मडम येते. चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, म्हणाले, "आगं, मिशनरी तिकडनं हिकडं येत्यात. तू उलटी कुठं चाललीस?"

तिथं नऊ मुली होत्या. सगळ्या नदीपलीकडच्या गावांतल्या. शाळा अलीकडं, म्हणून आठवडे आठवडे आमच्याकडं राहायच्या. एक लांबलचक खोली, विटांच्या भिंती, वर पत्रा. बाजूला स्वयंपाकघर आणि तिथं साठीच्या घरातली एक स्वयंपाकीण. समुद्र तासभर चालत गेलं की लागायचा. जमीन सगळी वाळूची, माड आणि काजूची झाडं.

गेल्यावर पहिलं काम मी पाण्याच्या टाकीचं काढलं. चार काँक्रीटचे खांब, वर टाकी, खाली तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला दार घालून सामानाची खोली. स्वयंपाकीण कमरेवर हात ठेवून बघत राहायची. तिकडं बहिणीला 'माना' म्हणतात, मला ती तशीच हाक मारायची.

"माना, वर्षातले सहा महिने आभाळ आमच्या डोक्यावर ओततंय, आणि तू ते साठवून ठेवणार?"

मी तिला सांगितलं की मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावाला तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, आणि ज्याच्याकडं भांडी त्याच्याकडं पाणी. ती हसली, पण टाकी होऊ दिली.

दगडांना मात्र ती हसली नाही. आमच्याकडं वळवाचा वारा सुटला की पत्रे उडतात, म्हणून प्रत्येक घराच्या पत्र्यावर दगड असतात. जन्मल्यापासून मी दगडाशिवाय पत्रा पाहिलेला नाही. तिथं आल्यावर वसतिगृहाचं उघडं छप्पर बघून मला चैन पडेना. वाळूच्या मुलखात दगड कुठून मिळणार? चौकशी करून लांबच्या खाणीतून ट्रॅक्टरची एक खेप मागवली. चाळीस चांगले, दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे दगड शिडी लावून वर चढवले.

"घराच्या डोक्यावर दगड कशाला?" तिनं विचारलं.

"वाऱ्यासाठी. आमच्या वाऱ्यानं मागे एकदा अख्खा गोठा नेला होता."

"तुझ्या वाऱ्यानं गोठा नेला असेल. आमचा वारा दगड नेतो. काढ ते."

दुसऱ्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी जरा तुटकपणे म्हणाले की तुम्ही स्वयंपाकघर बघा, छप्पर मी बघते. ती बघायला गेली.

वादळ येतंय हे रेडिओवर दोन दिवस आधी कळलं. मुलींना घरी पाठवावं हा पहिला विचार, पण नदी आधीच फुगली होती आणि नावाडी नाव काढायला तयार नव्हते. म्हणजे त्या माझ्याकडंच राहणार होत्या. सगळ्यांत धाकटी सात वर्षांची, येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. तिच्या आईनं सोडताना तिचा हात माझ्या हातात दिला होता आणि एकच वाक्य बोलली होती. स्वयंपाकिणीनं ते मला समजावून सांगितलं: एक देते आहे, एक परत घेईन. त्या दोन दिवसांत हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बाकी सगळं, इमारत, धान्य, पेट्या, झोपायच्या बाजा, गेलं तर परत उभं करता आलं असतं. नऊ मुली नऊ आयांना परत द्यायच्या होत्या.

आदल्या संध्याकाळी फोन लागत होता तेव्हा घरी बोलून घेतलं. आई रडली. नानांनी फोन हातात घेतला.

"पत्र्यावर धोंडं हायती न्हवं?"

"हायती नाना. चाळीस."

"मग काय बी हुत न्हाई. मेंढरं एका जागी ठिव म्हंजी झालं."

मुलींना ते मेंढरंच म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

सकाळी सहाला वारा सुरू झाला. नऊ वाजता तो इतका वाढला की शेजारी बसलेल्या मुलीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. मी सगळ्यांना पश्चिमेच्या भिंतीशी बसवलं होतं, जवळच्या बाजा आडव्या करून समोर लावल्या होत्या, पलीकडच्या रांगेतल्या जागेवरच होत्या. अर्ध्या अर्ध्या तासानं नावं पुकारायची, मुलींनी हात वर करायचा, मी खूण करायची. दर वेळी नऊ. खुणांची ती रांग बघून मला बरं वाटत होतं.

दहाच्या सुमारास छपरावर आवाज यायला लागला, कोणी दळायचं जातं ओढत नेतंय असा. मला कळायला थोडा वेळ लागला की माझे दगड सरकताहेत. पत्रा थरथरत होता आणि दर थरथरीला ते थोडे थोडे उताराकडं येत होते. मग एका ठिकाणचा खिळा सुटला, पत्रा उचकटला आणि पहिला दगड आत आला. समोरच्या तीन नंबरच्या बाजेवर, बरोबर उशीच्या जागी. रोज रात्री तिथं एका मुलीचं डोकं असायचं.

कोणी ओरडलं असेल तर मला ऐकू आलं नाही. स्वयंपाकीण उठली आणि गाद्या ओढून मुलींच्या डोक्यावर घालायला लागली. मीही लागले. दुसरा दगड तिच्या डाव्या मनगटावर पडला.

ती खाली बसली. हात मांडीवर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "माना, आला बघ तुझा दगड."

सांगलीहून नेलेलं माझं पोळपाट-लाटणं जवळच्या पेटीत होतं. लाटण्याला तिचा हात ओढणीनं बांधून टाकला. तिनं एकदाच दात आवळले. उरलेले अडतीस दगड वर होतेच. मुलींना आम्ही भिंतीच्या आणखी जवळ, अगदी अंगाला अंग लावून दाबलं.

बाराच्या आधी वारा थांबला. हळूहळू कमी झाला नाही, थांबला. दाराच्या फटीतून ऊन आलं. मी दार उघडून बाहेर पाहिलं, आभाळ निळं होतं. पहिली गोष्ट कोणती केली असेल तर कोपऱ्यातला झाडू उचलला. आमच्याकडं वळीव येतो, पत्रे वाजवतो आणि निघून जातो. मग माणसं अंगण झाडायला घेतात.

"झाडू ठेव," स्वयंपाकीण म्हणाली. "हे अर्धंच झालं. आता उलट्या बाजूनं येईल."

"किती वेळानं?"

"भात शिजेल एवढा वेळ. कदाचित तेवढाही नाही. आणि आता या भिंतीचा उपयोग नाही."

मी छताकडं पाहिलं. दगड सगळे एका बाजूला गोळा होऊन पत्र्याला पोट आलं होतं. आता वारा दुसरीकडून आला की ते सगळं आमच्यावर येणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. टाकीखालची खोली चाळीसेक पावलांवर. काँक्रीटची. यावेळी मी विचारलं. "टाकीखाली जाऊ या?"

"मघाशीच म्हणणार होते," ती म्हणाली, "पण तू म्हणालीस छप्पर तू बघतेस."

मी नावं पुकारली. नऊ जणींनी हात वर केले. दोरीला धरून रांग केली, पुढं स्वयंपाकीण, मागे मी. अंगणात काजूचं झाड आडवं पडलं होतं, त्याची फांदी धरून मुलींना खालून काढायला मी मागची जागा सोडून पुढं गेले. एकेक मुलगी वाकून गेली. आम्ही टाकीखाली शिरलो, मी दार ओढून अडसर घातला, आणि नावांची यादी काढली. पेन सापडेपर्यंत बाहेर पुन्हा आवाज सुरू झाला होता. आत अंधार. मी पहिलं नाव पुकारलं ते मलाच ऐकू आलं नाही.

तेव्हा मला नाना आठवले. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात, घालायची, तेव्हा ते तोंडाशी उभे राहत. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवूनच ते त्याला आत सोडत. लहानपणी मी लांबून बोटं नाचवत मोजायची आणि म्हणायची, "नाना, बरोबर हाय की, कशाला हात लावताय?" ते म्हणत, "डोळ्यानं मोजल्यालं फसतंय. हाताला पाठ लागली की ती आली म्हणायचं."

मी यादी खाली ठेवली आणि भिंतीपासून एकेकीच्या पाठीवर हात ठेवत गेले. आठ. दुसऱ्या टोकापासून परत आले. आठ. मग विजेरी लावून दंडावरची नावं वाचली. धाकटी नव्हती.

चौदा वर्षांची सगळ्यांत थोरली मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ती चपला आणायला मागे वळली होती. मला वाटलं तुम्ही मागे आहात."

चपला. आमच्या खोलीच्या दारावर मी स्वतः रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चप्पल घातल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. जंत होतात, खिळे लागतात म्हणून. पाच आठवड्यांत त्या पोरीला मी दहा वेळा तरी दारातून परत पाठवलं होतं. तिनं नाव पुकारल्यावर हात वर केला, दोरी धरली, आपले पाय उघडे आहेत हे बघितलं आणि नियम पाळायला आत गेली.

मी दोरी उचलली. एक टोक खांबाला, एक माझ्या कमरेला. स्वयंपाकिणीनं चांगल्या हातानं माझा दंड धरला.

"तू गेलीस तर इथं मोजणार कोण?"

"तू. हातानं मोज. मोजत राहा."

तिनं दंड सोडला. मी मनात प्रार्थना केली, लांबलचक नाही: मला तिच्यापर्यंत पोचव. बाहेर उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मी हातापायांवर गेले. वाळू तोंडावर बसत होती, डोळे मिटूनच जावं लागलं. काजूची फांदी हाताला लागली तेव्हा कळलं निम्मी वाट झाली. व्हरांड्याच्या पायरीशी दोरी संपली. कमरेची गाठ सोडून ती मी तिथल्या खांबाला बांधली आणि पुढची सहा-सात पावलं तशीच गेले.

आत तीन ठिकाणी पत्रा फाटला होता. दगड जमिनीवर, गाद्यांवर पडलेले. धाकटी आपल्या बाजेखाली पालथी होती. मला पाहिल्यावर तिनं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही हातांत एकेक चप्पल होती.

"सापडल्या," असं काहीतरी ती म्हणाली असावी. ऐकू आलं नाही, तोंड हललं ते दिसलं.

मी तिला रागावले नाही. तिला पोटाशी घेतलं, एक गादी पाठीवर ओढली आणि खाली बसूनच सरकत दाराकडं निघाले. एक दगड गादीवर आपटून बाजूला गेला. पाठीला दणका बसला तो आठ दिवस दुखत होता. आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागे एकदम उजेड झाला. वळून पाहिलं तर छप्पर नव्हतं. पत्रेही नव्हते. दगड तेवढे आत होते.

पायरीशी दोरी सापडली. तिला कमरेला बांधायला वेळ नव्हता. एका हातानं पोर, एका हातानं दोरी, असं ओढत ओढत टाकीपर्यंत आलो. दार आतून उघडलं. अंधारात कुणीतरी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग माझ्या पाठीवर. स्वयंपाकीण माझ्या कानात म्हणाली, "नऊ. आणि तू दहा."

पुढं चार वाजेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मी दर थोड्या वेळानं पाठी मोजत होते. यादी कुठं पडली ते तेव्हा बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर म्हणून काही उरलेलं नव्हतं. स्वयंपाकिणीनं एका हातानं माझे तीन दगड अंगणात ढकलत आणले, त्यांची चूल मांडली आणि मक्याची पेज ठेवली. "बघ," म्हणाली, "दगडाची जागा ही." मुली खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग पातेल्यावरचं झाकण सारखं करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

रस्ता मोकळा होऊन तिला दवाखान्यात न्यायला पाचवा दिवस उजाडला. तोवर हाड वाकडंच धरायला लागलं होतं. आजही तिला कापड पिळता येत नाही. धुणं काढलं की ती ओल्या चादरी, फडकी माझ्या हातात देते आणि मी पिळते. ते काम आता माझंच आहे.

नवव्या दिवशी नाव सुरू झाली. आया आल्या. धाकटीची आई पाण्यातूनच उतरून धावत आली. मी पोरीचा हात तिच्या हातात दिला आणि पाठ करून ठेवलेले तिच्या भाषेतले शब्द म्हणाले, "एक घेतली होती, एक देते." तिनं पोरीच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवला. ती तसंच मोजत होती.

सध्या मी रजेवर घरी आहे. तिकडं भिंतींची डागडुजी झाली आहे आणि छपराचं काम चालू आहे. या वेळी छप्पर कसं घालायचं ते स्वयंपाकीण आणि गावातला एक म्हातारा सुतार यांनी ठरवलं: चारी बाजूंना उतार, जाड तारेनं वासे भिंतीतल्या सळ्यांना बांधायचे, पत्र्याला खिळ्याऐवजी आकडे. मी फक्त लिहून घेतलं.

परवा माझा भाऊ, तो शिरवळला कारखान्यात असतो, सुट्टीला आला आणि वळवाच्या आधी पत्र्यावर चढून दगड सारखे करायला लागला. मी अंगणातून वर बघत उभी होते. नाना बाजेवर बसले होते. मी आल्यापासून त्यांनी वादळाबद्दल काही विचारलं नव्हतं.

"किती गेली?" त्यांनी विचारलं.

"एक बी न्हाई, नाना."

"हातानं मोजलीस?"

"हातानंच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दगडांचं, मनगटाचं, चपलांचं. त्यांनी वर पत्र्याकडं बघितलं.

"धोंडं मीच सांगितलं हुतं," ते म्हणाले.

"तुमी सांगायच्या आधीच मी ठिवलं हुतं."

"त्या बाईचा हात?"

"वाकडा ऱ्हायला."

आई दारातून म्हणाली, "आता पुरं झालं. हितं काय कमी हाय? तिकडं जायाचं नाव काढू नगं." भावानंही वरून तिचीच री ओढली. नानांनी हातानंच त्याला गप्प केलं.

"तिकडं नऊ हायती न्हवं?" ते मला म्हणाले.

"हायती. आणि आता दोन नवी येणार."

"मंग? मेंढरं तिकडं टाकून हितं बसून काय करणार? जा. पर त्या बाईचं ऐकत जा."

आई पाय आपटत आत गेली. भाऊ वर दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग मी त्याला पत्र्याला आकडे कसे लावतात ते खालून समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तायडे, हितं वादळ येतंय व्हय?" इथं येत नाही, हे खरं. तरी मी उद्या बाजारातून दोन डझन आकडे आणणार आहे.

परवाना, तिकीट सगळं झालं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघते. नवी यादी सुरू केली आहे. दारावरची पाटी बदलायची: हाक आली की आहे तसं निघायचं. दोन नव्या मुलींसाठी दोन गाद्या. तारेसाठी मोठी पक्कड, तिकडं चांगली मिळत नाही. काल स्वयंपाकिणीचा फोनवर निरोप आला, तोही लिहून घेतला. पहिलं लाटणं तिच्या हाताबरोबर पाच दिवस राहून चिरलं होतं, पोळ्या नीट होत नाहीत. येताना नवीन आण, म्हणाली. आणि दगड आणू नकोस.